गिऱ्हाइकाकडून कुठली फाइल मागायची आणि मॉडेल कसं बांधायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: भोसरीतली लहान टूलरूम, प्लास्टिक मोल्ड (साचे) आणि फिक्स्चरची (काम करताना भाग पकडून ठेवायच्या साधनांची) कामं. एक गिऱ्हाईक एसटीएल पाठवतं, दुसरं आयजीईएस, तिसरं स्टेप; तिन्ही थ्रीडी आकाराच्या फाइलींचे फॉरमॅट. आता नवीन कॅड सॉफ्टवेअर घ्यायचं आहे. तर कुठला एकच फॉरमॅट पक्का करावा? आणि मॉडेल सॉलिडमध्ये (भरीव वस्तू म्हणून) करावं की सरफेसमध्ये (नुसतं बाहेरचं कातडं), पॅरामेट्रिक (मापांनी चालणारं) की डायरेक्ट (आकार थेट ओढून बदलायचं)?

‘एकच फॉरमॅट’ हा हट्ट आधी सोडा. फाइल उघडते की नाही, हा आता फारसा प्रश्न राहिलेला नाही. जवळजवळ सगळं जवळजवळ सगळीकडे उघडतं आणि तिथेच फसगत होते, कारण पडद्यावर तिन्ही फाइली सारख्याच दिसतात. विचारायचं ते हे, की या आकारावर यापुढे कोण काय करणार आहे? कोणी तो बदलणार आहे, कोणी त्यावरून माप घेऊन धातू कापणार आहे, की नुसता प्रिंट काढायचा आहे? जिथे बदल व्हायचा आहे तिथपर्यंत आकाराचं सगळ्यांत सविस्तर वर्णन पोहोचलं पाहिजे. सविस्तर वर्णनातून ढोबळ वर्णन एका क्लिकवर निघतं. उलट दिशेने बटण नाही. पिठाचे परत गहू होत नाहीत.

एक साधा बोअर (अचूक मापाचं गोल भोक) घ्या, ५० मिमी व्यासाचा, एच७ फिटचा (म्हणजे मापाला अगदी थोडी, ठरलेली मुभा). तुमच्या सॉफ्टवेअरच्या नेटिव्ह (त्याच्या स्वतःच्या) फाइलमध्ये तो ‘होल’ म्हणून नोंदलेला असतो: या बॉसशी (उठावाच्या गोल खांबाशी) समकेंद्री, आरपार, व्यास ५०. बॉस सरकवला की होल सरकतो. तोच भाग स्टेपमध्ये काढला की हे नातं जातं, पण आकार अचूक राहतो. फाइलमध्ये एक सिलिंडर पृष्ठभाग, त्याचा अक्ष आणि त्रिज्या २५ एवढं लिहिलेलं असतं. स्टेप फाइल साधी मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडून ही ओळ डोळ्यांनी वाचता येते. आता तोच भाग एसटीएलमध्ये काढा. सिलिंडर गेला, राहिले त्रिकोण. एक्स्पोर्ट करताना कोनाची सेटिंग १० अंश असेल तर त्या वर्तुळाचा ३६ बाजूंचा बहुभुज होतो. प्रत्येक बाजूच्या मधोमध खऱ्या वर्तुळापासूनचं अंतर भरतं ०.०९५ मिमी. म्हणजे कोपऱ्यांवर व्यास ५०, सपाट बाजूंवर ४९.८१. आणि एच७ ची सगळी मुभाच मुळी ०.०२५ मिमी. ही चूक ०.००५ पर्यंत खाली आणायची तर १५७ च्या आसपास बाजू लागतात. तेवढ्या बाजू दिल्या तरी सॉफ्टवेअरला हा बोअर आहे हे कळत नाहीच. तिथे केंद्र नाही, अक्ष नाही. तुम्ही तीन बिंदू पकडून केंद्र काढणार, आणि ते बिंदू कुठले पकडले यावर उत्तर बदलणार.

म्हणून एसटीएलला नावं ठेवायची असं नाही. १९८०च्या दशकात थ्रीडी सिस्टिम्सने स्टिरिओलिथोग्राफीच्या यंत्रासाठी तो काढला आणि त्या कामाला तो चोख आहे. यंत्राला थर कापायचे असतात, त्रिकोण कापणं सोपं. बायनरी एसटीएलची रचना तर इतकी सरळ आहे की पोरगासुद्धा वाचक प्रोग्रॅम लिहील: ८० बाइट शीर्षक, ४ बाइट त्रिकोणांची संख्या, मग प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट. दहा लाख त्रिकोण म्हणजे साधारण पाच कोटी बाइट, ५० एमबीच्या आसपास. या हिशेबात एकक कुठेच नाही. मिमी की इंच, फाइल सांगत नाही. भाग २५.४ पट मोठा किंवा लहान आला की समजायचं, कोणीतरी इंचात काढलाय. प्रिंटिंगसाठीच द्यायचं असेल तर थ्रीएमएफ द्या. त्यात एकक असतं, रंग असतात, फाइलही लहान होते, आणि आजचे बहुतेक स्लायसर (प्रिंटसाठी थर पाडणारी सॉफ्टवेअर) ती घेतात.

तुमच्या पहिल्या गिऱ्हाइकाने मोल्डसाठी एसटीएल पाठवली असेल तर त्याला फोन करा. दहापैकी बऱ्याच वेळा त्याच्याकडे मूळ सॉलिड असतं, प्रिंटवाल्याला पाठवलेलीच फाइल त्याने तुम्हालाही ढकललेली असते. ‘एसटीएलचं स्टेप करून देतो’ म्हणणारी साधनं नेटवर भरपूर आहेत. त्यातली बहुतेक एवढंच करतात की प्रत्येक त्रिकोणाची एक सपाट फेस (पृष्ठभाग) बनवतात आणि नाव बदलतात. मिळते ती हजारो फेसची स्टेप. तिच्यावर फिलेट (कडेची गोलाई) लागत नाही, ड्राफ्ट (भाग मोल्डमधून सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार) लागत नाही, ऑफसेट मागितला की सॉफ्टवेअर मान टाकतं. मूळ फाइल खरोखरच हरवली असेल तर मेश (त्रिकोणांची जाळी) पडद्यामागे ठेवून तिच्यावर नव्याने मॉडेल बांधा. वेळ जास्त लागेल, त्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे दाखवा.

मेश हेच खरं रूप असलेलीही कामं आहेत, ती मात्र मेशमध्येच ठेवा. गणपतीच्या मूर्तीचा मोल्ड, नाण्यावरचं उठावाचं काम, सीटी स्कॅनवरून काढलेलं जबड्याचं हाड, यांना ना अक्ष असतो ना त्रिज्या. शिल्पकाराने स्कल्प्टिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घडवलेल्या मूर्तीचं सॉलिड करत बसणं म्हणजे आठवडा वाया. बऱ्याच कॅम सॉफ्टवेअरना (यंत्राचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या) मेशवर थेट टूलपाथ, म्हणजे कटरचा मार्ग, काढता येतो. तिथे मेश बारीक मागा एवढंच: बॉलनोजच्या (गोल टोकाच्या कटरच्या) स्टेपओव्हरने, म्हणजे दोन फेऱ्यांतल्या अंतराने, जेवढी उंचसखल रेघ राहणार आहे, त्याहून मेशची चूक बरीच कमी हवी. नाहीतर पॉलिशवाल्याच्या हाती पैलू लागतात.

आता आयजीईएस. हा फॉरमॅट १९८० चा, अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या पुढाकाराने आलेला. फाइल उघडून बघा, ओळ अजूनही ८० अक्षरांची आहे, पंचकार्डाच्या रुंदीची. शेवटची आवृत्ती ५.३, तीही १९९६ ची. त्यात सॉलिड लिहायची सोय आहे, पण प्रत्यक्षात बहुतेक फाइली सुट्या ट्रिम केलेल्या सरफेसच्या येतात. कुठली फेस कुठल्या फेसला कुठल्या कडेवर चिकटलेली आहे, हे फाइलमध्ये नसतं. तुमच्या सॉफ्टवेअरला ते अंदाजाने शिवावं लागतं. शिवण कुठे उसवली की सॉलिड होत नाही. मग पोरं दिवसभर फटी बुजवत बसतात. आयजीईएस आजही चालवून घ्यायची वेळ एकाच ठिकाणी येते: जुनी स्टायलिंग सरफेस किंवा नुसते कर्व्ह द्यायचे असतील तेव्हा. बाकी कामाला गिऱ्हाइकाला सरळ सांगा, स्टेप द्या. जे सॉफ्टवेअर आयजीईएस काढतं ते बहुधा स्टेपही काढतं.

स्टेप म्हणजे आयएसओ १०३०३. पहिला भाग १९९४ साली आला. त्यात अनेक ‘एपी’ (अॅप्लिकेशन प्रोटोकॉल, म्हणजे वेगवेगळ्या उद्योगांसाठीचे पोटप्रकार) आहेत आणि तुम्हाला तीनच माहीत असले तरी पुरे. एपी२०३ मूळचा विमान-संरक्षणवाल्यांकडून आलेला, सॉलिड आणि असेंब्लीचा. एपी२१४ वाहन उद्योगाचा, त्यात रंग आणि लेयर नीट येतात. २०१४ मध्ये आलेल्या एपी२४२ ने या दोघांना पोटात घेतलं, वर टॉलरन्स (मापाची मुभा) आणि डेटम (मापं जिथून घ्यायची ते संदर्भ) मॉडेललाच जोडून पाठवायची सोय दिली. फाइल नोटपॅडमध्ये उघडा, सुरुवातीलाच ‘फाइल स्कीमा’ ची ओळ दिसते. ‘कॉन्फिग कंट्रोल डिझाइन’ लिहिलं असेल तर २०३, ‘ऑटोमोटिव्ह डिझाइन’ असेल तर २१४, आणि २४२ तर नावानिशीच लिहिलेला असतो. तिथेच कुठल्या सॉफ्टवेअरमधून फाइल निघाली तेही बहुधा कळतं. आणखी खाली ‘मिली’ आणि ‘मीटर’ असं एकक सापडतं, इंचाची फाइल असेल तर ‘इंच’ हा शब्द सापडतो. अर्ध्या मिनिटाचं काम, पण कोणी करत नाही.

निव्वळ आकारापुरतं बोलायचं तर २०३, २१४ आणि २४२ यांच्या भूमितीत तुमच्या कामाला जाणवेल असा फरक नाही. गिऱ्हाईक म्हणालं २१४ आहे, तर तेवढ्यासाठी २४२ चा आग्रह धरू नका. मॉडेलवरच टॉलरन्स चिकटवून पाठवणारं गिऱ्हाईक असेल तरच तो धरा, आणि तेव्हाही आपल्या सॉफ्टवेअरच्या घेतलेल्या लायसन्समध्ये ते वाचायची सोय आहे का, हे आधी बघा. नसेल तर टॉलरन्स येतात, पण चित्रासारखे दिसतात किंवा दिसतच नाहीत.

स्टेपहूनही बरा रस्ता काही वेळा असतो आणि तो फार कमी लोक वापरतात. कॅड सॉफ्टवेअरच्या पोटात भूमितीचं इंजिन असतं, त्याला कर्नल म्हणतात. एनएक्स, सॉलिड एज, सॉलिडवर्क्स आणि ऑनशेप ही चारही पॅरासॉलिडवर चालतात. गिऱ्हाईक एनएक्सवर आणि तुम्ही सॉलिडवर्क्सवर असाल तर पॅरासॉलिड फाइल मागा. दोन्हीकडे भाषा एकच, दुभाष्याची गरज नाही, फेस तुटत नाहीत. एकच काळजी घ्यायची. नव्या आवृत्तीची पॅरासॉलिड फाइल जुन्या सॉफ्टवेअरला उघडत नाही, म्हणून एक्स्पोर्ट करताना जुना आवृत्ती क्रमांक निवडायला सांगा.

कर्नल वेगळे असले की खरा त्रास टॉलरन्सचा होतो, आणि हा टॉलरन्स ड्रॉइंगवरचा नव्हे. दोन फेसच्या कडा किती जवळ आल्या म्हणजे ‘जुळल्या’ म्हणायचं, याचं प्रत्येक कर्नलचं माप वेगळं. पॅरासॉलिडचं मूळ माप ०.००००१ मिमी. कॅटियाचं नेहमीचं माप ०.००१ मिमी. कॅटियात नीट जुळलेली कड पॅरासॉलिडला शंभरपट ढिली वाटते. पॅरासॉलिड अशा कडेला ‘टॉलरंट’ म्हणून सांभाळून घेतं, पण पुढे तुम्ही तिथे शेल (आतून पोकळ करणं) किंवा फिलेट मागितलं की तीच कड पाय अडवते. कोअर-कॅव्हिटी (मोल्डचे आतला आणि बाहेरचा असे दोन भाग) स्प्लिट होत नाही, आणि दोष आपल्या पोराला दिला जातो. अशी फाइल आली की पहिल्यांदा चेक जॉमेट्री चालवा, खराब फेस उडवून नव्याने भरा, मगच पार्टिंग लाइनला (मोल्ड जिथे उघडतो त्या रेषेला) हात लावा. इम्पोर्ट करताना टॉलरन्स ढिला करून ‘शिवलं एकदाचं’ म्हणणं मला पटत नाही. तिथे बुजवलेली फट पुढे शट-ऑफवर (मोल्डचे दोन भाग जिथे मिटतात तिथे) फ्लॅश, म्हणजे प्लास्टिकचा पापुद्रा, होऊन बाहेर येते.

फाइल कितीही चांगली असली तरी तिच्यात नसलेल्या गोष्टी असतात. थ्रेडचंच बघा. एम८ चा टॅप होल स्टेपमध्ये साधा सिलिंडर म्हणून येतो. कोणी तो ड्रिलच्या मापाने ६.८ ठेवतो, कोणी थ्रेडच्या आतल्या व्यासाने ६.६४७, कोणी सरळ ८. तिन्ही फाइली ‘बरोबर’ आहेत. त्यातून ८ वाला होल बघून तुमच्या प्रोग्रॅमरने क्लिअरन्स समजून ड्रिल मारला तर वाद कुठे जाऊन मिटणार?

दुसरी गोष्ट नॉमिनल मापाची. ड्रॉइंगवर ५० +०.३/+०.१ असं लिहिलेलं असतं आणि मॉडेल ५०.००० चं असतं. व्हीएमसीचा (उभ्या सीएनसी मिलिंग यंत्राचा) प्रोग्रॅम मॉडेलवरून निघतो, म्हणजे भाग रेखाटनाप्रमाणे पहिल्याच फटक्यात रिजेक्ट. उपाय दोन. गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या की मॉडेल मधल्या टॉलरन्सवर आहे की नॉमिनलवर. नाहीतर स्वतःच्या प्रतीत अशा एकतर्फी टॉलरन्सची मापं मध्यावर आणा, इथे ५०.२, आणि त्या प्रतीला वेगळं नाव द्या. दुसरा उपाय करायचा तर मॉडेल बदलता आलं पाहिजे. म्हणजे परत तेच, पुढे काय करायचं आहे त्यावर काय मागायचं ते ठरतं.

म्हणून स्टेपबरोबर पीडीएफ ड्रॉइंग हवंच. आणि दोघांत फरक निघाला तर कोण खरं, हे ऑर्डरवर लिहून घ्या.

लेझर आणि वायरकटला डीएक्सएफ (सपाट रेखाटनाची फाइल), यावर फार बोलण्यासारखं नाही. १:१ स्केल, फक्त कापायच्या रेषा, एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा काढलेल्या, आणि आर्क हे आर्कच राहिलेले. स्प्लाइनचे शेकडो बारीक तुकडे झालेली डीएक्सएफ वायरकटवर गेली तर कड दातेरी दिसते आणि प्रोग्रॅम उगाच लांबतो.

आता मॉडेल कसं बांधायचं. फिक्स्चर, ब्रॅकेट, प्लेट, मोल्ड बेस हे सगळं सॉलिडमध्ये, यावर चर्चा नको. सरफेस लागतं ते बाहेरून दिसणाऱ्या आणि हाताला लागणाऱ्या आकारांना: मिक्सरची बॉडी, स्कूटरचं पॅनेल, हेडलॅम्पचा हाउसिंग. तिथेही अंतिम वस्तू सॉलिडच असते. बाहेरचं कातडं सरफेसने बांधायचं, शिवायचं, जाडी द्यायची, आणि रिब, बॉस, स्नॅप हे पुन्हा सॉलिडचे नेहमीचे फीचर. ‘आम्ही सरफेसवाले’ आणि ‘आम्ही सॉलिडवाले’ अशा वाटण्या मी फक्त क्लासच्या जाहिरातींत पाहिल्या आहेत.

किती सरफेस करायचं याची माझी कसोटी भागाच्या फिनिशवर ठरते. नेहमीचं फिलेट शेजारच्या फेसला स्पर्शरेषेत मिळतं, याला जी१ म्हणतात. पण सपाट फेसची वक्रता शून्य आणि फिलेटची १ भागिले त्रिज्या, म्हणजे सांध्यावर वक्रता उडी मारते. चकचकीत किंवा क्रोम केलेल्या भागावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं तिथे मोडतं. झेब्रा पट्ट्या लावून बघितलं की आधीच कळतं. अशा भागाला वक्रताही जुळवणारा जी२ सांधा हवा, त्याला वेळ द्या. तोच भाग लेदर टेक्स्चरचा असेल तर जी२ साठी दोन दिवस घालवू नका, टेक्स्चर सगळं गिळतं. त्याऐवजी ड्राफ्ट बघा. टेक्स्चरच्या दर ०.०२५ मिमी खोलीला साधारण एक ते दीड अंश ड्राफ्ट नेहमीच्या ड्राफ्टवर आणखी लागतो, आणि गिऱ्हाइकाच्या फाइलमध्ये तो अनेकदा नसतो.

ड्राफ्ट नसलेली, पण सगळे फिलेट लागलेली स्टेप हे मोल्डवाल्याचं रोजचं दुखणं. फिलेट झालेल्या भिंतीला नंतर ड्राफ्ट देणं कर्नलला जड जातं. आधी फिलेट काढा (बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फेस डिलीट करून शेजारच्या फेस मिळवून घ्यायची सोय आहे), ड्राफ्ट द्या, फिलेट परत लावा. छोटे फिलेट आधी काढा, मोठे नंतर. लावताना बरोबर उलट.

इथून पॅरामेट्रिक की डायरेक्ट हा वाद सुरू होतो. मापं आणि बंधनं घालून आकार चालवायची कल्पना आयव्हन सदरलँडच्या १९६३ च्या स्केचपॅडपासूनची. फीचर ट्रीच्या (मॉडेल बांधतानाच्या पायऱ्यांच्या यादीच्या) रूपात ती उद्योगात रुजवली प्रो-इंजिनिअरने, १९८०च्या दशकाच्या शेवटी. डायरेक्ट पद्धतीत ट्री नसतो, फेस पकडायची आणि ओढायची. २००८ मध्ये सीमेन्सने सिंक्रोनस टेक्नॉलॉजी आणून दोन्हींची सांगड घातली, आणि आता बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही असतं.

तुमच्या कामात दोन वेगळे ढीग आहेत, ते वेगळे ठेवा. जे डिझाइन तुमचं आहे, म्हणजे फिक्स्चर, मोल्ड बेस, इजेक्टरची मांडणी, स्लायडर, ते पॅरामेट्रिक करा. पुढच्या महिन्यात तसंच पण २० मिमी लांब फिक्स्चर लागणार, हे ठरलेलं आहे. जे डिझाइन गिऱ्हाइकाचं आहे, म्हणजे स्टेपमधून आलेलं डंब सॉलिड (पायऱ्यांची यादी नसलेलं), त्यावर डायरेक्टच बरं. आलेल्या भागाला ‘फीचर ओळख’ चालवून खोटा ट्री बनवायचा मोह टाळा. सॉफ्टवेअर ज्याला पॉकेट म्हणतं ते डिझायनरच्या मनात रिबमधली उरलेली जागा असते. असा ट्री दिसायला ऐटदार असतो, पहिल्या बदलाला कोसळतो.

आपला स्वतःचा ट्रीसुद्धा कोसळतोच, जर स्केच कडांवर आणि फिलेटच्या टोकांवर टांगलेले असतील. कर्नल प्रत्येक फेसला आणि कडेला आतून नाव देतं. मध्ये एक फीचर बदललं की नावं बदलतात आणि पुढचं स्केच भलत्याच कडेवर जाऊन बसतं. फ्रीकॅड वापरणाऱ्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या १.० आवृत्तीत त्यावर बराच इलाज झाला, तोवर लोक शिव्या देत वापरत होते. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये हे कमी होतं, होतच नाही असं नाही. सवय अशी लावा, की मुख्य स्केच डेटम प्लेन आणि अक्षावर बांधायचे, मापं एका मास्टर स्केचमध्ये किंवा पॅरामीटरच्या तक्त्यात, फिलेट आणि चॅम्फर ट्रीच्या तळाशी. फीचरना नावं द्या. ‘एक्स्ट्रूड ४७’ काय आहे ते सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही.

श्रिंकेज (प्लास्टिक थंड होताना आकसतं ते) हे फीचर ट्रीत वेगळी पायरी म्हणूनच ठेवा, मापांमध्ये मिसळू नका. एबीएस प्लास्टिकला अर्धा टक्का धरला तर २०० मिमीला १ मिमी होतो. आणि गुणक काढताना थांबून विचार करा. मटेरिअलच्या तक्त्यातला श्रिंकेज मोल्डच्या मापाच्या प्रमाणात दिलेला असतो, म्हणून गुणक १ अधिक श्रिंकेज नसून १ भागिले (१ उणे श्रिंकेज). अर्ध्या टक्क्याला फरक नगण्य आहे. पण पीपीला (पॉलिप्रॉपिलीनला) १.८ टक्के धरले तर १.०१८ आणि १.०१८३३ यात २०० मिमीवर ०.०६६ मिमीचा फरक पडतो. काचतंतू भरलेल्या नायलॉनला तर वाहत्या दिशेत वेगळा आणि आडव्या दिशेत वेगळा श्रिंकेज, तिथे एकच गुणक लावून भागत नाही. श्रिंकेज लावलेली फाइल गिऱ्हाइकाला परत जाता कामा नये, म्हणून फाइलच्या नावातच तसं लिहा.

चाकणच्या वाहन कंपन्यांच्या साखळीतलं काम असेल तर आणखी एक पथ्य. त्यांचा भाग बहुधा कार पोझिशनमध्ये येतो, म्हणजे गाडीचा जो मूळबिंदू ठरलेला असतो त्याच्या हिशेबाने. ओरिजिनपासून दोन मीटर लांब तरंगणारा ब्रॅकेट बघून नवीन पोरगा तो ओरिजिनवर आणून सेव्ह करतो. असं करू नका. मूळ जागेवर एक कोऑर्डिनेट सिस्टिम ठेवा, मोल्डसाठी दुसरी बनवा, आणि बदल सुचवून परत पाठवताना फाइल पहिल्या जागेतच काढा. नाहीतर समोरच्याच्या असेंब्लीत तुमचा भाग बोनेटमध्ये निघतो.

स्कॅनवरून काम करणाऱ्यांसाठी थोडं, कारण कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांकडून हा प्रश्न बऱ्याचदा येतो: जुन्या कास्टिंगचा (ओतीव भागाचा) पॅटर्न (ओतकामाचा नमुना) नाही, ड्रॉइंग नाही, स्कॅन करून स्टेप द्या. स्कॅनर तुम्हाला जे आहे ते देतो, जे असायला हवं होतं ते नाही. त्यात झीज येते, कास्टिंगचं वाकणं येतं, फेटलिंगवाल्याने (ओतीव भाग साफ करणाऱ्याने) ग्राइंडरने खाल्लेली कड येते. ऑटो-सरफेस मारलं की हे सगळं सुबक एनयूआरबीएस (गणिती वक्र पृष्ठभाग) होऊन कायमचं बसतं. पंप केसिंगच्या व्होल्यूटसारख्या (शंखाकृती पोकळीसारख्या) वळणदार भागाला ऑटो-सरफेस ठीक, पण फ्लॅंज, बोअर, बोल्ट सर्कल हे हाताने बांधा आणि मापं शहाणपणाने पूर्णांकावर आणा. ४९.८३ मोजलं तर तिथे ५० असणार. ११४.१ मोजलं तर मात्र ११४ लिहायची घाई नको. जुन्या इंग्रजी बनावटीच्या यंत्राचा भाग असेल तर ते साडेचार इंच, म्हणजे ११४.३ असायची दाट शक्यता आहे. मग पॅटर्नसाठी श्रिंकेज आणि मशीनिंग अलाउन्स वेगळ्या पायरीवर, वर सांगितल्याप्रमाणे.

फाइल आल्यावर काय बघायचं, ते कोणा एकाच्या डोक्यात न ठेवता भिंतीवर लावा. आलेली मूळ फाइल न उघडता एका फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवा, त्या फोल्डरमध्ये कोणी सेव्ह करायचं नाही. इम्पोर्ट केल्यावर ती एक सॉलिड बॉडी आहे का की सुटे सरफेस, हे बघा. ड्रॉइंगवरचं एक मोठं माप ताडून पाहा, एकक तिथेच पकडलं जातं. शेवटी व्हॉल्यूम. गिऱ्हाइकाला त्याच्या सॉफ्टवेअरमधला व्हॉल्यूम ईमेलमध्ये लिहायला सांगा आणि आपला ताडा. दोन्हीकडे सॉलिड असेल तर फरक नावापुरताच निघतो. ठसठशीत फरक निघाला तर एखादी फेस पडली आहे किंवा एखादा होल बुजला आहे. शे-दोनशे फेसच्या भागात हरवलेला होल नजरेने शोधण्यापेक्षा हे फार लवकर होतं.

काम संपल्यावर ठेवायच्या फाइली तीन: नेटिव्ह, स्टेप, आणि ड्रॉइंगची पीडीएफ. नेटिव्ह बदलासाठी. स्टेप यासाठी की दहा वर्षांनी तुमच्याकडे हे सॉफ्टवेअर असेलच असं नाही, आणि लायसन्स संपलं की नेटिव्ह फाइल तुमची असूनही तुमची राहत नाही. एसटीएल जपून ठेवायची गरज नाही, ती केव्हाही काढता येते.

सॉफ्टवेअर निवडताना विक्रेत्याच्या डेमोतल्या गुळगुळीत भागावर जाऊ नका. तुमच्याकडे आलेली सगळ्यांत वाईट आयजीईएस, एक कॅटियाची स्टेप आणि एक मोठी मेश पेनड्राइव्हवर न्या आणि म्हणा, ही आत्ता माझ्यासमोर शिवा, ड्राफ्ट द्या, पार्टिंग करा. गिऱ्हाइकांपैकी निम्म्याहून जास्त पॅरासॉलिडच्या सॉफ्टवेअरवर असतील तर तुम्हीही पॅरासॉलिडवरचंच घ्या, हा एवढा एक निकष बाकीच्या दहा फीचरपेक्षा जास्त पैसे वाचवतो. फिक्स्चर हेच मुख्य काम असेल तर सरफेसचं महागडं मॉड्यूल आत्ता घेऊ नका. आणि दिवसाचे तीन-चार इम्पोर्ट दुरुस्त करावे लागत असतील तर डायरेक्ट एडिटिंग चांगलं असलेलं घ्या, मग रेंडरिंग कसंही असो.

तुमच्या तीन गिऱ्हाइकांपुरतं उत्तर असं. स्टेपवाल्याला काही सांगू नका, फक्त पीडीएफ आणि व्हॉल्यूम मागा. आयजीईएसवाल्याला त्याचं सॉफ्टवेअर कोणतं ते विचारा, पॅरासॉलिडचं असेल तर पॅरासॉलिड फाइल, नसेल तर स्टेप. एसटीएलवाल्याला मूळ सॉलिड मागा. नसेल तर रिमॉडेलिंगचं वेगळं कोटेशन द्या आणि रिमॉडेल केलेल्या स्टेपवर त्याची सही घेतल्याशिवाय स्टील कापू नका. कोटेशनच्या खाली ही ओळ कायमची छापून टाका: ‘इनपुट: स्टेप एपी२१४ किंवा एपी२४२, बंद सॉलिड, एकक मिमी, श्रिंकेज न लावलेलं, सोबत टॉलरन्ससह पीडीएफ ड्रॉइंग, दोन्हींत फरक आढळल्यास ड्रॉइंग ग्राह्य.’